धावणाऱ्या पोराचा बाप

पुंजाजी खामगावच्या एका रेच्यात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रुईच्या गठाणी उचलायचा. मान आखूड, खांदे रुंद, कान आखाड्यात चुरगळून गेलेले. तरुणपणी आसपासच्या कुस्त्यांच्या दंगलींत त्याचं नाव होतं. लग्नानंतर कुस्ती सुटली, पण कुस्तीनं शिकवलेली एक गोष्ट सुटली नाही. अंग रडतच असतं, त्याचं ऐकायचं नसतं. ताप असो, पाठ धरलेली असो, तो कामावर जायचा आणि घरच्यांनीही तसंच वागावं असं त्याला वाटायचं.

बहात्तर साली पावसानं पाठ फिरवली. कापूस झाडावरच करपला, बाजारात गाड्या आल्या नाहीत आणि ऐन हंगामात रेच्याचा भोंगा बंद पडला. पुंजाजी आणि त्याची बायको जनकाबाई दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. घरात रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकर, कामावर मजुरांना वाटलेली सुकडी. त्या सगळ्या सुक्या वर्षात डोळ्याला थंडावा देणारी एकच गोष्ट होती. थोरला पोरगा इंद्रभान, घरच्यांचा इंदर, शाळेच्या खेळांत पाच हजार मीटर धावला आणि त्याच्याहून मोठ्या पोरांना मागं टाकून पहिला आला.

दुसऱ्या दिवशी शाळेतले खेळाचे शिक्षक किसनराव स्वतः घरी आले. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्याखाली घोंगडीवर बसले आणि बिनदुधाचा चहा घेत म्हणाले, "पुंजाजी, पोरात लंबी दौड आहे. पण घाई करू नका. असा धावणारा विशी उलटल्यावर पिकतो. एक दिवस जोरात पळाला तर पुढचे दोन दिवस सावकाश पळू द्या. झोपू द्या. आणि कुठं एकाच जागी दुखायला लागलं, तर त्याच दिवशी थांबवा. या वयात हाडं अजून कच्ची असतात."

"हाव सर," पुंजाजी म्हणाला.

सर गेल्यावर तो जनकाबाईला म्हणाला, "विशी उलटेलोक थांबा म्हनते. तेवढे दिवस काय खडी खाऊ घालू त्याले?"

खडीच्या कामावर कोणीतरी त्याला सांगितलं होतं की जिल्ह्यात पहिला आलेला पोरगा नागपूरला जातो आणि तिथं फौजेची माणसं चांगली पोरं हेरून नेतात. खरं की खोटं, हे पुंजाजीनं कोणाला विचारलं नाही. विचारलं आणि खोटं निघालं तर काय करायचं, अशी त्याला भीती होती. दगडावर हातोडा मारताना त्याच्या डोळ्यांपुढे तेवढंच असायचं. इंदर बुलढाण्यात पहिला, मग नागपूर, मग फौज, मग पोटभर जेवणारं एक तरी माणूस घरात.

त्यानं पोराला आखाड्याच्या रीतीनं घडवायला घेतलं. पहाटे जलंबच्या रुळाच्या कडेनं, संध्याकाळी घाटपुरीच्या बाजूला, आणि वर बैठका. सावकाश पळायचे दिवस त्यानं काढूनच टाकले. शेजाऱ्याची सायकल मागून तो पोराच्या मागं जायचा आणि इंदर ढिला पडला की ओरडायचा, "पळ बे, पळ." जनकाबाई आपल्या वाट्याची सुकडी पदरात बांधून आणायची आणि पोराला खाऊ घालायची. तरी त्याच्या गळ्याखालची हाडं वर येत चालली.

थंडी पडायला लागली तसा इंदर सकाळी उठताना भिंत धरू लागला. आधी त्यानं आईला सांगितलं. डाव्या नडगीत एका जागी दुखत होतं. अंगठा ठेवला तर अंगठ्याखाली झाकून जाईल, एवढीच जागा. जनकाबाईनं वीट गरम करून शेकलं. दोन दिवसांनी पुंजाजीला कळलं तेव्हा त्यानं पोराचा पाय मांडीवर घेतला आणि पैलवानाचा रगडा दिला. इंदर किंचाळला.

"अहो, सोडा त्याले," जनकाबाई म्हणाली. "पाहा तरी त्याच्या तोंडाकडं."

"नस चढली हाये. रगडल्याबिगर उतरत नाही," पुंजाजी म्हणाला आणि रगडत राहिला.

किसनराव सरांनी शाळेत पोराची चाल पाहिली आणि ते पुन्हा घरी आले. या वेळी बसले नाहीत. "त्याला महिना-दीड महिना पळवू नका. जिल्ह्याची शर्यत जाऊ द्या. पुढच्या वर्षी आहेच."

"पुढल्या वर्षी पानी पडन का सर?" पुंजाजीनं विचारलं. "तुमाले पगार हाये. आमाले हे एकच हाये."

"मग पोरालाच विचारा."

पुंजाजीनं इंदरला हाक मारली. दारातच उभं करून विचारलं, "दुखते का रे?"

इंदरनं बापाकडे पाहिलं, मग सरांकडे. "नाही," तो म्हणाला. "आता नाही दुखत."

सर निघून गेले. त्यानंतर त्या घरात पायाचं नाव निघालं नाही. इंदर उठायचा, पळायचा, शाळेत जायचा. पुंजाजीला वाटलं, रगड्यानं गुण आला.

शर्यतीच्या दिवशी बापलेक एसटीनं बुलढाण्याला गेले. मैदानातून सुटून धाडच्या रस्त्यानं जायचं, एका वळणावरून परत फिरायचं आणि मैदानात यायचं, अशी ती दौड होती. पुंजाजी मैदानात थांबला नाही. पोरगा थकेल तिथं आपण असावं म्हणून तो परतीच्या रस्त्यावर पुढं जाऊन एका लिंबाखाली उभा राहिला.

बऱ्याच वेळानं पोरं दिसू लागली. पुढं कोणी चिखलीकडचा उंच पोरगा होता आणि त्याच्या मागं थोड्या अंतरावर इंदर. पुंजाजीचा ऊर भरून आला. मग त्याच्या लक्षात आलं की पोराचं अंग एका बाजूला पडतंय. डावा पाय टेकला की खांदा खाली जात होता, तोंड उघडं पडत होतं. तो लंगडत होता, आणि बराच वेळ लंगडत असावा.

तेवढ्यात इंदरची नजर लिंबाखाली गेली. बाप दिसला. आणि त्यानं लंगडणं थांबवलं. पाठ ताठ केली, तोंड मिटलं आणि डावा पाय उजव्यासारखा टाकत तो बापासमोरून निघून गेला.

पुंजाजी जागच्या जागी थिजला. दुखणं बरं झालं नव्हतं. पोरगा ते आपल्यापासून लपवायला शिकला होता. पायाच्या दुखण्यापेक्षा त्याला आपली भीती जास्त होती. हे सगळं त्या माणसाला एका क्षणात कळलं आणि तो धोतर सावरत रस्त्यावर धावला.

"इंदर," तो ओरडला. "इंदर, थांब. थांब बे."

टायरच्या चपला रस्त्यावर फटफटत होत्या. एक चप्पल निघून गेली. बाजूची माणसं हसली, त्यांना वाटलं बाप पोराला जोर देतोय. इंदरनं मागं वळून पाहिलं नाही. मागून ओळखीची पावलं येत होती, ओळखीचा आवाज येत होता आणि त्या आवाजानं आजवर त्याला एकच गोष्ट सांगितली होती. त्यानं वेग वाढवला.

पुंजाजी आणखी जोरात ओरडला. पोरगा आणखी जोरात पळाला. गठाणी उचलणाऱ्या त्या माणसाच्या छातीत हवा मावेना. आपण ओरडायचं बंद केलं तर तो थांबेल, हे त्याला सुचलं, पण तोवर पुढं काहीतरी वाळकं लाकूड मोडल्यासारखा आवाज झाला आणि इंदर तोंडावर पडला.

दवाखान्यात हाड बसवलं, प्लास्टर घातलं. डॉक्टर म्हणाले, हाडाला आधीच चीर गेलेली होती, ते धावता धावता पुरतं मोडलं. पुंजाजी खाटेजवळ खाली फरशीवर बसून होता. एक पाय अनवाणीच होता.

"मी थांब म्हनत होतो बे," तो म्हणाला.

इंदर छताकडे पाहत होता. "मले वाटलं, पळ म्हनता."

पुंजाजीनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांत त्याला कोणी रडताना पाहिलं नव्हतं, इंदरनंही नाही. पोरगा घाबरला आणि म्हणाला, "बाबा, नाही दुखत." तेव्हा तर पुंजाजीला तिथं बसवेना. तो उठून व्हरांड्यात गेला.

पाय जुळला, पण वाकडा जुळला. इंदर पुन्हा धावला नाही. मॅट्रिक झाला, पुढं मलकापूरला एका दुकानात लागला आणि तिथंच संसार केला. बापाला तो कधी एक वाकडा शब्द बोलला नाही. सणावाराला यायचा, पाया पडायचा. "शिव्या देल्ल्या असत्या तं बरं झालं असतं," असं पुंजाजी एकदा जनकाबाईला म्हणाला.

रेचे पुन्हा सुरू झाले, पुंजाजी पुन्हा गठाणींवर गेला. पण दरवर्षी जिल्ह्याची शर्यत असली की तो काम बुडवून बुलढाण्याला जायचा. किसनराव सरांच्या पाया पडून त्यानं मैदानात यायची परवानगी मागून घेतली होती. सुरुवातीच्या रेषेजवळ पोरं बसलेली असत. हा म्हातारा होत चाललेला पैलवान एकेकापुढं उकिडवा बसायचा, नडगीवरून हळूच अंगठा फिरवायचा आणि विचारायचा, "येथं दुखते? खरं सांगजो." कोणी आखडला की सरांना सांगायचा. सर ऐकत. काही पोरं वाचली. काहींचे बाप भांडायला आले. एकानं त्याला मैदानाबाहेर ढकललंही.

मुलींची दौड सुरू झाली त्या वर्षी रोहिणखेडची वच्छला नावाची पोरगी आली होती, सोबत तिचे वडील भगवानराव. पुंजाजीनं अंगठा टेकवला आणि पोरीची बोटं मातीत रुतली.

"दुखते का बाई?"

"नाही," वच्छला चटकन म्हणाली आणि तिनं वडिलांकडे पाहिलं.

ती नजर पुंजाजीनं ओळखली. "भाऊ, तुम्ही जरासक तिकडं जाता का?" तो भगवानरावांना म्हणाला. ते नाखुशीनं दूर गेले. मग त्यानं पुन्हा विचारलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिनं होकाराची मान हलवली.

पुंजाजी भगवानरावांकडे गेला. हात जोडले. "आज नोका पळवू. माह्या पोराचा पाय म्या मोडला, म्हनून सांगतो."

"तुमच्या पोराचं मले काय सांगता?" भगवानराव म्हणाले. "तिनं मेहनत केली हाये. ते पळन."

पुंजाजीनं किसनराव सरांना शोधलं, पण वच्छला दुसऱ्या शाळेची होती आणि नाव तिच्या बापानं दिलेलं. सरांनी समजावलं, भगवानराव बधले नाहीत. पोरगी पळाली. पुंजाजी मैदानाकडे पाठ करून कुंपणाची तार धरून उभा राहिला. ती तिसरी आली. काही मोडलं नाही. भगवानरावांनी सगळ्यांना पेढे वाटले, एक पुंजाजीच्या हातावरही ठेवला.

संध्याकाळी तो एसटी स्टँडवर रोहिणखेडची गाडी शोधत गेला. वच्छला खिडकीशी बसली होती, वडील खाली कंडक्टरशी बोलत होते.

"ज्या जागी दुखते, ते कोनाले तरी सांगजो," पुंजाजी खिडकीखालून म्हणाला. "बापाले सांगवत नसन तं मायले सांग. पन लपवू नोको. चांगलं धावाचं असन तं थांबताही आलं पाह्यजे."

पोरगी खिडकीतून खाली वाकली. मग तिनं विचारलं, "काका, तुमच्या पोराचा पाय बरा झाला काय?"

"नाही," पुंजाजी म्हणाला.

भगवानराव गाडीत चढले आणि गाडी सुटली.