जाळीमागची मराठी

रायपुरातल्या मराठी माणसाला एक खोड असते. समोर चार हिंदी बोलणारी माणसं असली की तो खुशाल मराठीत बोलतो आणि समजतो, आपल्या बोलण्यावर पडदा पडला. गोल बाजारात साड्या पाहताना माझी सासू दुकानदाराच्या तोंडावर मला सांगायची, "जास्त सांगून राहिला हा. तू उठ, मग पाह्य, भाव कसा खाली येते." दुकानदार गालात हसायचा. त्याच्या बापाच्या काळापासून आमच्यासारख्या बायका तिथे बसून हेच बोलत आल्यात, त्याला काय मराठी यायचं राहिलं असेल? पण आमचा भ्रम जात नाही. समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नंबर यायची वाट पाहतानाही शेजारच्या बाईच्या दुखण्यावर आम्ही तिच्यासमोर चर्चा करणार.

घरात मात्र उलटा कारभार. मी मुलीशी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. "जेवून घे" म्हटलं की "अभी भूख नहीं है, आई." समजतं सगळं, बोलायचं नाव नाही. इथल्या सगळ्याच पोरांचं तसं आहे म्हणून मी कधी मनावर घेतलं नाही.

मुलगी चौदा वर्षांची आहे आणि टेनिस खेळते. बापाची उंची घेऊन आली, माझा फक्त हट्ट घेतला. चौबे कॉलोनीतून स्कूटरवर मागे बसवून मी तिला रोज सकाळी कोर्टावर सोडते आणि तिथूनच ऑफिसला जाते. मी स्वतः जन्मात रॅकेट धरली नाही. पण वर्षानुवर्षं जाळीला नाक लावून बसलं की माणसाला वाटू लागतं, आपल्याला यातलं कळतं. मला जरा जास्तच वाटायचं. समोरची मुलगी कुठे अडते, कुठला चेंडू तिला उशिरा दिसतो, हे मला चटकन दिसतं. तेवढं मात्र खरं आहे.

या वयाच्या मॅचमध्ये बाहेरून शिकवायचं नसतं. नियमच आहे. आईबापांनी टाळ्या वाजवाव्यात आणि गप्प बसावं. आता गप्प बसणं आमच्या खानदानात कुणाला जमलंय? मी फोन कानाला लावायची आणि नागपूरच्या बहिणीशी बोलायची. "अवं, तिच्या डाव्या अंगाला टाक न. पुढे नको जाऊ, मागेच राह्य. तिचा दम संपून राहिला." मला नागपूरला बहीण नाही. आजूबाजूच्यांना वाटायचं, भाभीजींचं घरगुती काहीतरी चाललंय. मुलगी एकदा जाळीकडे पाहायची आणि पुढचा चेंडू बरोबर डावीकडे, बॅकहँडवर जायचा. ती जिंकायची. घरी परतताना मला वाटायचं, अर्धी ट्रॉफी आपली. खरं सांगायचं तर अर्ध्याहून थोडी जास्तच.

यंदाच्या थंडीत हैदराबादच्या एका अकादमीचे सर मुली पाहायला आले. आमच्या भागातून एकच मुलगी निवडणार होते. तिथेच राहायचं, तिथेच शाळा, दिवसभर खेळ. मुलीला ते इतकं हवं होतं की आठवडाभर आधीपासून ती घरात कुणाशी भांडली नाही. सर सावळे, डोक्याला टोपी, सगळ्यांशी हैदराबादी थाटाचं हिंदी बोलणारे. मी मनात त्यांना तेलुगू ठरवून मोकळी झाले.

पहिल्या दिवशी स्कूटरवरून उतरताना मुलगी म्हणाली, "आई, आज फोन मत करना."

"नाही करत, बाई," मी म्हटलं. आणि तेव्हा खरंच माझ्या मनात करायचं नव्हतं.

मॅच भिलाईच्या मुलीशी होती. तिचे वडील माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. शांत माणूस. त्यांनी थर्मासमधून चहा काढून आधी मला दिला. सर जरा पलीकडे जाळीला टेकून उभे. पहिले काही गेम मी ओठ आवळून बसले. पण मुलगी एकेक गेम हरत चालली. चेंडू नेटमध्ये जात होते, सर्व्हिस बाहेर पडत होती, आणि भिलाईच्या पोट्टीचा फोरहँड किती कच्चा आहे हे मला लख्ख दिसत होतं. हातातला चहा निवला. मी पर्समधून फोन काढला.

"अवं ताई, उजव्या अंगाला टाक तिच्या. घाई काहून करून राहिली? श्वास घे अगोदर."

मुलीनं जाळीकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय होतं, ते मी त्या दिवशी वाचलं नाही. मग फोरहँड, फोरहँड, पुन्हा फोरहँड. ती मॅच जिंकली. मी भिलाईच्या वडिलांना म्हटलंसुद्धा, "आपकी बिटिया भी अच्छा खेली." त्यांचाच चहा पिऊन.

मुली हात मिळवत होत्या तेवढ्यात सर माझ्याजवळ आले. मी हसून हिंदीत काहीतरी बोलायला लागले, तर ते हळू आवाजात, स्वच्छ मराठीत म्हणाले, "ताई, मी मूळचा नांदेडचा."

तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. तरी जीभ थांबली नाही. "मी तं बहिणीशी बोलून राहिली होती, सर," मी म्हटलं.

"बहिणीला सांगा, सल्ला चांगला होता," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्याचीच जास्त लाज वाटली. "पण माझी पंचाईत झाली. मी तुमच्या मुलीचा खेळ बघायला आलो होतो आणि बघितला तुमचा. उद्या दोघींना पुन्हा खेळवतो. तुम्ही फाटकाबाहेर थांबा."

धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. पण धरणी कुणाला अशी सवड देते? मला स्कूटर काढावी लागली, मुलीला मागे बसवावं लागलं. तिनं विचारलं, "सर क्या बोले?" मी म्हटलं, "उद्या परत खेळ म्हणाले. तू आवडली त्यांना." पहिलं वाक्य खरं होतं.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाबाहेर स्कूटरवर बसून राहिले. भिंतीपलीकडून चेंडूचा आवाज येत होता, कोण जिंकतंय ते कळत नव्हतं. फोन हातात होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी तिच्या मॅचला असून नव्हते. मला तिची काळजी वाटायला हवी होती. मला काळजी होती ती याची, की पोरगी माझ्याशिवाय जिंकली तर काय. हे लिहायची लाज वाटते, पण तसंच होतं. ती हरल्याचं तिच्या चालण्यावरून मला लांबूनच कळलं, आणि एक क्षण माझ्या जिवाला बरं वाटलं. आईच्या जिवाला.

सरांनी मला बाजूला बोलावलं. म्हणाले, "हात चांगला आहे, पाय तर फारच चांगले. पण या वयात मी हातपाय बघत नाही, ते शिकवता येतात. मूल अडचणीत सापडलं की काय करतं, ते बघतो. तुमची कालची खुर्ची तिथेच होती, रिकामी. प्रत्येक अवघड पॉइंटला ती त्या खुर्चीकडे बघत होती."

मी म्हटलं, "तिले खूप मनापासून यायचं आहे, सर. मी येणारच नाही तिथं, मग तं सवय जाईल न?"

"जाईल," ते म्हणाले. "पण तिच्यात काय आहे, हे आज मला माहीत नाही, ताई. तुम्हालाही माहीत नाही. ज्याची परीक्षाच झाली नाही, त्याला मी पास कसं करू? पुढच्या वर्षी बघू."

त्यांनी भिलाईची मुलगी निवडली. आदल्या दिवशी जी माझ्याकडून हरली होती, ती.

रात्री जेवताना नवऱ्यानं विचारलं तेव्हा मी सांगितलं, "सगळी सेटिंग असते. अगोदरच ठरवून आले होते ते." मुलगी समोर बसून वरणभात कालवत होती. सर आणि मी बोलत होतो तेव्हा ती बूट सोडत आमच्या पाठीमागेच बसली होती, आणि मराठी तिला समजत नाही असं मी तरी म्हणू शकत नाही. तिनं मान वर केली नाही. मला खोटं पाडलं नाही.

मागच्या महिन्यात इथेच एक छोटी स्पर्धा होती. मी नेहमीप्रमाणे स्कूटर लावली. फाटकापाशी ओळखीचे आईबाप उभे होते, "आइए भाभीजी, आपकी कुर्सी रखी है" म्हणत होते. मी मनाशी पक्कं ठरवून आले होते, फोन पर्समध्येच राहील, जीभ टाळूला चिकटवून बसेन. मुलगी बॅग खांद्याला लावून थांबली. तिनं त्या सगळ्यांकडे पाहिलं, मग माझ्याजवळ सरकली आणि अगदी हळू, चाचपडत, मराठीत बोलली.

"आई, तू नको येऊ आतमध्ये. घरी जा. मी सांगीन फोनवर."

भोवतालच्या कुणालाही काही कळू नये, चार माणसांत आईची शोभा होऊ नये, म्हणून ती मराठीत बोलली होती. आवाजात राग नव्हता. मी त्या लोकांना हिंदीत सांगितलं की ऑफिसात अर्जंट काम निघालं आहे, आणि स्कूटर वळवली.