क्रांती सिस्टरची चूक

शिवाजी पेठेतली क्रांती बावीस वर्षं नर्स आहे. परिचारिका म्हणून तिची नोंदणी झाली, तेव्हा वडिलांनी सगळ्या तालमीला पेढे वाटले होते. ऑपरेशनआधी पेशंटच्या अंगावर धातू ठेवायचा नाही, हा नियम ती झोपेतसुद्धा मोडणार नाही.

त्या सकाळी तिनं तो जरा जास्तच पाळला. गडहिंग्लजकडच्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या चन्नम्मा गोठ्यात घसरून खुबा मोडून घेऊन आल्या होत्या. दुखणं थांबवायच्या इंजेक्शननं त्यांचा डोळा लागला होता. क्रांतीनं कानातली फुलं, बांगड्या आणि गळ्यातल्या दोऱ्याची चांदीची डबी काढून पिशवीत घातली आणि सून दानेश्वरीच्या हातात दिली.

"अगं बाई! सिस्टर, ह्यात इष्टलिंग हाय. आमच्यात जित्या माणसाच्या अंगावरनं ते काढत न्हाईत."

तेवढ्यात चन्नम्मांचा हात गळ्याकडं गेला. "कुणी काढलं?"

"मी, आज्जी."

"मग हाड ऱ्हाऊ दे तसंच. लिंगाबिगर मी आत जात न्हाय. गेलो तर मेल्यागतच की!"

दानेश्वरीनं समजावलं, रडून पाहिलं. चन्नम्मांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. आज ऑपरेशन हुकलं तर पुढची तारीख चार दिवसांनी होती. या वयात तसं पडून राहणं म्हणजे पाठीला जखमा, छातीत कफ. क्रांतीला ते पाठ होतं.

ती स्टूल ओढून बसली. "आज्जी, चुकलं माझं. विचारायला पाहिजे हुतं."

चन्नम्मांचा हात रिकाम्या गळ्यावरच होता.

"डबी चांदीची हाय. आतलं लिंग कशाचं?"

"दगडाचं. वरनं काळा लेप. एवढं बी ठावं न्हाय?"

"न्हाय ठावं. पण मग भांडण डबीशी हाय, देवाशी न्हाय."

भूल देणाऱ्या डॉक्टरांना तिनं फोन लावला. ज्या हाताला सलाईन नाही, त्या हातात दगडाचं लिंग चालेल, ते म्हणाले. दुसऱ्या कुणी लिंगाला हात लावायचा नव्हता. चन्नम्मांनी स्वतःच डबी उघडून ते तळहातावर ठेवलं, मूठ मिटली. क्रांतीनं मुठीवर निर्जंतुक पट्टी गुंडाळली, पट्टी सोडू नये असं फाईलवर लिहिलं आणि स्ट्रेचरबरोबर थिएटरच्या दारापर्यंत चालत गेली.

दुपारी तिची ड्युटी संपली तरी ती बाहेर बाकावर बसून होती. स्ट्रेचर आलं तेव्हा पट्टी तशीच होती. अर्धवट शुद्धीतल्या चन्नम्मांनी दुसऱ्या हातानं ती चाचपली आणि डोळे मिटले. क्रांतीनं भिंतीला पाठ टेकून मोठा श्वास सोडला.

दुसऱ्या दिवशी चन्नम्मांना वॉकर धरून पहिल्यांदा उभं करायचं होतं. दानेश्वरी पुढं झाली.

"तू सर. तूच पडशील," चन्नम्मा म्हणाल्या. "त्या चुकणारीला बोलवा."

क्रांती आली. "माझ्यावर इस्वास हाय व्हय अजून?"

"चूक कबूल करणारं माणूस हात सोडत न्हाय. धर नीट."

क्रांतीनं दोन्ही हातांनी धरलं.