गुळाचं पोतं आणि पाच पायऱ्या

हर्सूलला आमच्या शेजारी नानासाहेब राहतात. एसटीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला काडीपैलवान माणूस. मुलाचं, शिवराजचं, लग्न ठरलं आणि नानांनी गाडी नसलेल्या गॅरेजात जिम काढली! रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून मधे पाइप रोवला, ते झालं वजन. भंगारातलं बसचं सीट आडवं टाकलं, तो बाक. पहिल्या दिवशी त्या वजनाखालून नानांना आम्हीच ओढून काढलं.

कारण फक्त मला ठाऊक होतं. जेजुरीला नवरदेवानं नवरीला उचलून पाच पायऱ्या चढायच्या असतात. स्वतःच्या लग्नात नानांनी द्वारकाकाकूंना दुसऱ्याच पायरीवर टेकवलं होतं. तेव्हापासून गंगापूरची सासुरवाडी त्यांना ‘दोन पायऱ्यांचे जावई’ म्हणते. आता शिवराजच्या जोडीबरोबर जाऊन तो डाग धुऊन काढायचा, असा नानांचा गुपचूप बेत होता.

पण काकूंचं वजन किती? वजनकाट्यावर त्या काही केल्या पाय ठेवेनात. मग नानांनी लोणकढी थाप मारली, “पोराचं जमलं तर तुझी गूळतुला करीन, असा नवस बोललो व्हतो.”

पुढाऱ्यांसारखी आपली तुला होणार म्हणून काकू हरखल्या. गॅरेजात मोठा तराजू टांगला, काकू नवी साडी नेसून पारड्यात बसल्या. तोलला तेवढा गूळ नानांनी पोत्यात भरला आणि रोज सकाळी ते पोतं उचलायला लागले. आधी ते जागचं हलेना. लग्न जवळ आलं तसे नाना ते घेऊन जिना चढायला लागले. मला इतका आनंद झाला की मी शिट्टीच वाजवली.

लग्नानंतर आम्ही सगळे जेजुरीला गेलो. शिवराज नव्या नवरीला, अपेक्षाला, उचलून झरझर चढला. मग नाना वाकले आणि काकूंना काही कळायच्या आत त्यांना उचललं.

“अवो, येड लागलं का!”

दुसऱ्या पायरीवर नानांचा चेहरा लालबुंद झाला. “पोत्याहून जड कशी गं तू? गूळ तर तुझ्याच वजनाचा व्हता!”

“त्यातला मी रोज काढत व्हते की. पुरणपोळ्या कशाच्या खाल्ल्या तुमी?”

“मी एकच खायचो!”

“बाकीच्या मी खाल्ल्या!”

नानांना हसू फुटलं, पकड सुटायला लागली. “उतरते मी,” काकू म्हणाल्या.

“गप. गूळ बोलत नव्हता.”

तिसरी झाली. चौथीवर आम्ही सगळे ओरडत होतो. पाचवीवर शिवराजनं भंडारा उधळला, नाना पिवळेधमक झाले, तरी काकू उतरेनात. नानांच्या गळ्यात हात तसेच ठेवून म्हणाल्या, “मला वाटायचं, आपल्या लग्नात मीच जड झाले. म्हणून कधी काट्यावर पाय नाय ठेवला.”

“खुळी का तू? माझ्याच अंगात जोर नव्हता,” नाना म्हणाले.

परतताना बसस्टँडवर वजनाचं मशीन दिसलं. काकू आपणहून त्यावर चढल्या, तुलेपेक्षा वाढलेला आकडा वाचला आणि नानांच्या दंडाला चिमटा काढून पोट धरून हसल्या.