पुराचा फोटो काढणारी

सीनेला पूर आला की गाव घरात पळायचं. आमची मंडळी नदीकडं निघायची. हातात फोन, डोक्याला पदर. मागून मी, शिव्या देत.

हिला फोटोचा नाद आहे, असं गाव म्हणायचं. नाद कसला! हिची धाकटी बहीण कमळा नदीच्या खालच्या अंगाला, अगदी काठावर वस्ती करून राहते. आमच्याकडं सकाळी चढलेलं पाणी तिच्या दारात दिवस मावळायला पोचतं. दोघी बहिणींना लिहिता-वाचता येत नव्हतं. पावसात फोनवरचं बोलणं तुटायचं, फोटो तेवढा कसाबसा जायचा.

नुसत्या फोटोत पाणी किती ते कळत नाही. म्हणून घाटाच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर ही मला उभं करायची. वर जितक्या पायऱ्या कोरड्या, तितकी बोटं मी दाखवायची. तीन दिसली की कमळानं गुरं सोडून माळावर जायचं, असं दोघींचं ठरलेलं.

"अवो, जरा खाली सरका की. पायरी दिसंना."

"खाली नदी हाय!"

"नदी हाय म्हणूनच काढतीया. तुमचं लगीन लागतंय का तितं?"

मला पोहता येत नाही. पायाशी पाणी असं पळायचं की आपणच वाहत निघालोय असं वाटायचं. अख्खी बाभळ मुळासकट जवळून गेली की मी वर सरकायचो. हिचं आपलं एकच, "हालू नका. हाललं की बिगडतंय."

तीन पावसाळ्यांमागं तीनच पायऱ्या उरल्या होत्या. भीतीनं माझी चार बोटं वर गेली. हिनं फोटो काढला, पाठवला. घरी येऊन बघितला आणि फोन माझ्यापुढं धरला.

"चार दावलीत."

फोन लागेना. दुसरा फोटो जाईना. ही उंबऱ्यात बसून राहिली, चूल पेटली नाही. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी कमळाचा फोन आला. सगळी माळावर होती, गुरंसुद्धा.

"चूक माझी गं, मी नीट बघितलं न्हाय," ही म्हणाली. माझं नाव घेतलं नाही. मग रडली.

"कसली चूक, आक्का?" कमळानं विचारलं, तेवढ्यात फोन तुटला. त्यानंतर ही माझी बोटं दोन-दोनदा मोजायची.

गेल्या माघात ही गेली. ताप आला आणि चार दिवसांत आटोपली. दहाव्याला कमळा आली, तेव्हा मी सांगून टाकलं, त्या दिवशी बोट माझं चुकलं होतं.

"बोटं कोण मोजतंय, दाजी? मी तुमचं तोंड बघायची. त्या दिवशी ते बघितलं आन् आधी गुरांची दावी सोडली."

हे ऐकायला ही हवी होती.

यंदा पाणी चढलं तेव्हा एकटाच घाटावर गेलो. फोन हातातून दोनदा सुटता सुटता राहिला. फोटो पाठवला. कमळाचा लगेच फोन.

"दाजी, ह्यात तुमी न्हाय की."

"मला काढणारं कोण हाय आता?"

तिच्या मागं गुरं ओरडत होती.

"बरं," ती म्हणाली. "आवाज ऐकला तुमचा. निघतो आमी."