मी गाळलेलं वाक्य

माझ्या नवऱ्याला हे ठाऊक नव्हतं. शेवटच्या आजारपणात दोन-तीनदा अगदी ओठांवर आलं होतं, पण मी त्याच्या तोंडात चमच्यानं पाणी घालत राहिले. मुलीला सांगितलं नाही, बहिणीला नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित तुम्हाला सांगता येईल. येईल ना? — बघते.

मी शिक्षिका होते. माहेर शहापूरचं, सासरही शहापूरचंच. पण नोकरीची बरीच वर्षं मुरबाडच्या वरच्या अंगाला, डोंगराला टेकलेल्या एका वाडीतल्या शाळेत गेली. दोन वर्ग, एक ओटा, पुढे भातखाचरं, मागे रान. थंडीच्या दिवसांत सकाळी धुकं इतकं खाली उतरायचं की मुलं आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. अजूनही डोळे मिटले की ती तशीच येतात — आवाज आधी, चेहरे मागून. त्यांत सोनी असते. तिसरीतली. ती ‘पाणी’ला ‘पानी’ लिहायची, आणि मी दर वेळी लाल पेनानं तो न खोडून ण करायची. शुद्ध लिहा, शुद्ध बोला — हे मी त्या पोरांना किती वेळा सांगितलं असेल!

तिचा बाप चिंधू. ठाकर जमातीचा, हडकुळा, कमी बोलणारा. भात लावायचा, रानातून लाकूड आणायचा, कधी प्यायचाही. बायको जाई, सोनी आणि अडीच वर्षांची धाकटी. घर कारवीच्या कुडाचं, वर पेंढ्याचं छप्पर.

पौषातली ती सकाळ. मी जीपमधून उतरून वाडीकडे चालत होते. पुढे काही पांढरट दिसत होतं — मला ते धुकंच वाटलं. धुकं समजून मी त्यात चालत गेले. मग वास आला. मग बायकांचं रडणं. मी पोचले तेव्हा घर उरलं नव्हतं, आणि घरातल्या तिघीही.

दाराला बाहेरून कडी होती.

तुम्हीही आता थबकलात ना? आम्ही सगळेच थबकलो. आदल्या संध्याकाळी दोघांचं भांडण झालेलं शेजारणीनं ऐकलं होतं. जाई तापानं पडलेली. हा भल्या सकाळी खळ्यावर निघून गेलेला. आणि बाहेरून कडी. आणखी काय हवं होतं?

पोलीस मुरबाडहून यायला वेळ लागला. तोवर पोलीस पाटलांनी चिंधूला शाळेच्या ओट्यावर आणून बसवलं. धूर बघून तो खळ्यावरून जळतं दार ओढायला धावला होता, त्याचे तळवे सोलले होते. मी पाणी आणलं. त्याला भांडं धरता येईना, म्हणून मीच त्याच्या तोंडाला लावलं. तेव्हा तो बोलला. जवळ मी एकटीच होते.

काय बोलला — तिथे येतेच आहे. थोडं थांबा.

आधी त्या वर्षाचं सांगू दे. आमच्या भागातली माणसं मोर्चा घेऊन तालुक्याला गेली. फाशी द्या, फाशी द्या. मी मोर्चात नव्हते, पण घरी परतताना तेच शब्द चालण्याच्या तालावर माझ्याही मनात वाजायचे. सोनीची जागा वर्गात रिकामी होती. मुलं तिथे बसायला तयार नव्हती. कोणीतरी हे केलंय आणि त्याला सरकार सोडणार नाही — या एका विचारानं मला झोप लागायची. खोटं कशाला बोलू? छान लागायची.

पोलीस साहेब जबाब घ्यायला आले, तेव्हा म्हणाले, “बाई, तुम्ही शिकलेल्या. वाडीतल्या माणसांचं काय, आज एक बोलतील, उद्या एक. केस तुमच्या शब्दावर उभी राहणार.” मला ते आवडलं. हेही सांगायलाच हवं. आवडलं.

तर — ओट्यावर चिंधू म्हणाला होता: “बाय, माज्यानी गेल्या गो तिघी. कडी मीच लावली. बारकी विहिरीवर जाते, म्हनून लावली.”

ही तीन वाक्यं. कोर्टात मी दोन सांगितली.

पहिलंही जसंच्या तसं नाही. ‘माज्यानी गेल्या’, म्हणजे माझ्यामुळे गेल्या — त्याचं मी शुद्ध मराठी केलं. “तो म्हणाला, मी मारल्या. कडी मीच लावली.” सरकारी वकिलांनी विचारलं, “आणखी काही म्हणाला?” मी म्हणाले, “एवढंच.”

वर पंखा फिरत होता. खिडकीतून उन्हाची एक तिरीप टेबलावर पडली होती, तिच्यात धूळ सावकाश तरंगत होती. मला आठवतं, मी त्या धुळीकडे बघत होते आणि ‘एवढंच’ हा शब्द दुसऱ्याच कोणी बाईनं उच्चारल्यासारखा ऐकू आला. चिंधू समोर उभा होता. माझ्याकडे बघत होता, वर्गात फळ्याकडे बघावं तसा. त्याच्या वकिलानं उलटतपासणीत चिंधू ओट्यावर माझ्यापासून किती अंतरावर होता तेवढं विचारलं, आणि खाली बसला. मला कोणी दटावलं नव्हतं. कोणी शिकवूनही पाठवलं नव्हतं. मीच गाळलं.

का? त्या वेळी मी स्वतःला काय सांगत होते, तेवढं सांगते. म्हणायचे, मी कोण? मी फक्त साक्षीदार. न्यायाधीश आहेत, त्यांच्यावर दुसरे न्यायाधीश, त्यांच्यावर आणखी मोठे, सगळ्यांच्या वर राष्ट्रपती. एवढ्या पायऱ्यांवर कोणी ना कोणी विचारेलच — अरे, कडी का लावली होतीस? नागरिकशास्त्राच्या तासाला मी मुलांना शिकवायचे, सरकार म्हणजे आपण सगळे. पण माझ्या मनातलं सरकार निराळं होतं. डोंगरासारखं. ते आपलं आपण उभं असतं, त्याला सगळं दिसतं, एका बाईच्या एका वाक्यानं त्याचं काय अडतं?

निकालाच्या कागदात लिहिलं होतं — सुशिक्षित, निःपक्ष, खोटं बोलण्याचं काहीही कारण नसलेली साक्षीदार. मी त्यांच्यावर भार टाकून निवांत होते, आणि ते माझ्यावर. फाशी.

शाळेत कोणीतरी म्हणालं, बरं झालं. मीही म्हणाले, बरं झालं. मग आम्ही हजेरी घेतली.

पुढची वर्षं कशी गेली ते नीट सांगता येत नाही. पाण्याखालून गेल्यासारखी गेली. कुठल्याशा लांबच्या तुरुंगात एक माणूस रोज सकाळी उठत होता आणि आज आहोत का ते तपासत होता. आणि मी इकडे पाढे घेत होते. एक कागद लिहून पाठवता आला असता. दोन वेळा लिहिलासुद्धा. दोन्ही वेळा वाटलं, मग ती निःपक्ष बाई कुठे जाईल? — फाडला.

आठ वर्षांनी वरच्या कोर्टानं त्याला सोडलं. माझ्यामुळे नव्हे. कुठल्यातरी तरुण वकील मुलीनं कागद पुन्हा वाचले. रॉकेल ओतल्याचा पुरावा नव्हता, शेजारीण भांडणाविषयी दर वेळी वेगळं बोलली होती. संशयाचा फायदा मिळाला. मला कोणी बोलावलं नाही. पेपरात आलं तेव्हा मी निवृत्त होऊन शहापूरला राहत होते. मला हायसं वाटलं. बघा ना — सरकारनंच सुधारलं, आता माझं काय उरलं, असं वाटलं.

आणि मग तो आला.

दुपारची वेळ होती. अंगणात पापड वाळत होते. फाटकाशी एक पांढऱ्या केसांचा माणूस उभा. चिंधू माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, म्हणून आधी ओळखलंच नाही. ओटीवर बसवलं, चहा दिला. तळव्यांची कातडी गुळगुळीत, गुलाबी झाली होती. कप त्यानं दोन्ही हातांनी धरला.

त्याला भांडायचं नव्हतं. रागही नव्हता. तो एक गोष्ट विचारायला आला होता.

“बाय, तवा मी काय बोललो, तुमाला ठाव. कडी का लावली, सगळी इचारत. मला आठवतच नाय. पयलं आठवायचं, मंग लोकं बोलून बोलून पार पुसलं. कागदात लिवलंय, मी मारल्या. आता सपनात मीच काडी लावताना दिसतो. असंल बी तसं. तुमीच सांगा, मी तवा कायतरी बोललो ना?”

कोर्टानं त्याला सोडलं होतं. त्यानं स्वतःला नव्हतं. आणि त्याला सोडवणारं वाक्य साऱ्या जगात एकाच जागी शिल्लक होतं. माझ्यापाशी. ते सांगायला किती वेळ लागला असता? पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार होता — मग तवा का नाय सांगितलंत?

मी म्हणाले, “नाही रे आठवत, चिंधू. खूप वर्षं झाली.”

त्यानं मान हलवली. “खरं हाय. तुमचं बी वय झालं आता.” माझी समजूत घातली त्यानं. कप मोरीत नेऊन विसळला, पालथा ठेवला, आणि गेला. फाटकापाशी वळून त्यानं मला हात जोडले.

मला आठवत होतं. शब्द न् शब्द, त्याच्या धापेसकट.

तो खर्डीच्या पुढे बहिणीकडे राहतो, असं कळलं. लोकांच्या शेतावर जातो. कोणाशी फार बोलत नाही. खर्डी इथून लांब नाही. रिक्षा मिळतात, गाडी आहे. तो येऊन गेल्याला तीन वर्षं झाली.

मी गेलेले नाही.