गवतातलं नाव

मी चौथीपर्यंत शिकलो. पण पडदे रंगवण्यात आमच्या बाजूला माझ्या तोडीचा कोणी नव्हता. राजवाडा, रस्ता, जंगल, काय म्हणाल ते. शिमग्यानंतर नमनाचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, खेळ व्हायचे, तेव्हा गवळणी माझ्याच जंगलातून मथुरेच्या बाजाराला निघायच्या. पुढे फ्लेक्स आले आणि काम थांबलं. एक जंगल तेवढं माळ्यावर गुंडाळून राहिलं. त्याच्या उजव्या कोपऱ्यात, गवतात, माझं नाव आहे.

यंदा शिमग्याला मुंबईकर गावी आले तेव्हा मंडळाने नमनाचा व्हिडिओ करायचं ठरवलं. मागचं चित्र नंतर कॉम्प्युटरवर बसवायचं, म्हणून पडदा नुसता हिरवा हवा, असं मला सांगितलं. मी म्हटलं, नुसतं हिरवं बघायला म्हशी येतील, माणसं नाही. तेव्हा अध्यक्ष म्हणाला, काका, जंगल तुमचंच घेऊ. मग कबूल झालो. ते नाव लोकांना एकदा दिसायला हवं होतं. बाकी मला काही नको होतं.

पडदा रंगवला. हात सवयीने चालला, कडांना गडद, मध्ये फिकट. माझी सून घरीच लग्नाचे व्हिडिओ जोडते. तिने पडदा मोबाइलवर टिपून कॉम्प्युटरवर घेतला आणि मला शेजारी बसवलं. हिरव्यावर टिचकी मारली की हिरवं निघून जातं, याला क्रोमा की म्हणतात. मधलं गेलं. कडा करपलेल्या भाकरीसारख्या तशाच राहिल्या. सून जपून बोलली, याला एकच हिरवा कळतो म्हणाली. सपाट रंग भिंतीला देतात, असं सांगून मी उठलो. दुसऱ्या दिवशी रोलर आणला आणि सपाट मारला. सुरकुती राहू नये म्हणून पडदा चौकटीवर ताणून बांधला.

शाळेच्या हॉलमध्ये खेळ टिपला. गवळणींना पडद्यापासून सहा हात पुढे उभं केलं, नाहीतर हिरवी झाक अंगावर येते. पडद्याला वेगळे दिवे लावले, माणसांना वेगळे. दुसऱ्या दिवशी मुंबईकर गेले.

या वेळी सुनेने माउस माझ्या हातात दिला. एका टिचकीत हिरवं साफ गेलं. मग तिने सगळं काळं-पांढरं करून दाखवलं. माणूस पांढरा, बाकी काळं. राखाडी दिसलं तर तिथे कसर आहे. थोडी होती, आकडे हलवून तीही काढली. मग मागे माझ्या जंगलाचा फोटो घातला. नाव दिसत होतं.

तिला आवडलं. मी मात्र गवळणींच्या नाकाकडे बघत राहिलो. सावली डावीकडे पडलेली, म्हणजे दिवा उजवीकडचा. माझ्या झाडांवर ऊन डावीकडून. पुन्हा टिपायला माणसं गावात नव्हती.

"कोणाला कळणार नाही, बाबा," सून म्हणाली.

"मला कळलं ना."

तिने जंगल आरशातल्यासारखं फिरवलं. ऊन जुळलं. नाव डाव्या कोपऱ्यात गेलं आणि उलटं झालं. नाव वेगळं कापून सुलटं बसवते म्हणाली. नाहीतर व्हिडिओच्या शेवटी छापील अक्षरांत देते म्हणाली. मी दोन्हीला नाही म्हटलं.

"ठिगळाचं नाव नको मला. पूस."

"त्यासाठीच तर एवढं केलंत ना?"

"पूस म्हटलं ना गो."

तिने माझ्याच चित्रातलं गवत उचलून नावावर ठेवलं. पहिल्या खेपेला एक वेलांटी वर राहिली, म्हणून आणखी थोडं ठेवलं. आता मला वाईट वाटेल, म्हणून मी वाट बघत होतो. तसं काही झालं नाही. गवत चांगलं जमलं होतं, शिवण दिसत नव्हती, ते मी तिला सांगितलं.

तिने व्हिडिओ मुंबईला पाठवला. मग आम्ही जेवायला बसलो.