पोळ्यांचे दोन डबे

अमेरिकेत, सांता क्लारात, आम्ही नवे होतो त्या वर्षांत दुपारी अपार्टमेंटच्या लाँड्रीत गेलं की दोन-तीन आपल्याच बायका हमखास भेटायच्या. सगळ्या शिकलेल्या, सगळ्या नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या आणि सगळ्या रिकाम्या. मी पुण्यात चांगली प्रोग्रॅमिंगची नोकरी करत होते, इथे टॉवेलच्या घड्या घालत होते. या व्हिसावर शिकायला परवानगी होती, नोकरीला नव्हती. कॉलेजात जावं असं फार वाटायचं. पण नवरा म्हणायचा, "थांब ना यार थोडी. हा गेम एकदा बाहेर पडू दे, मी बॉसशी तुझ्याबद्दल बोलतो. कंपनीच तुझा नोकरीचा व्हिसा करेल." मग काय, थांबले. थांबण्यात माझा हात कोण धरणार होतं!

त्याचा गेम माशांचा होता, लहान मुलांसाठी. हातात धरून खेळायच्या त्या यंत्रात दोन प्रोसेसर होते, एक मोठा आणि एक लहान. मासे कुठे वळायचे ते ठरवणं, चित्रं काढणं, सगळं मोठ्याच्या गळ्यात. लहानाकडे फक्त आवाज आणि बटणं. पडद्यावर पाच-सहा मासे असले की ठीक, पण मोठा घोळका आला की गेम रडतखडत चालायचा. ऑफिसातलं घरी काही बोलायचं नाही, असा करार त्याने सही करून दिला होता. पण दमलेला माणूस बोलतोच. एका संध्याकाळी बूटसुद्धा न काढता सोफ्यावर आडवा झाला आणि सगळं सांगून मोकळा झाला.

"मग त्या लहान्याला काम का देत नाही?" मी विचारलं.

"अगं, तो अर्ध्या वेगाचा आहे."

"अर्ध्या वेगाचा का असेना, दिवसभर रिकामा बसलाय ना!"

हे मी जरा जास्तच जोरात बोलले असेन. तो उठून बसला.

इंडियन स्टोअरच्या जाहिरातीच्या कोऱ्या बाजूवर आम्ही चौकोन आणि बाण काढत बसलो. कुठला मासा कुठे वळणार ते लहान्याने ठरवायचं, मोठ्याने नुसती चित्रं काढायची. किती महिन्यांनी माझं डोकं असं चालत होतं! भाजी करपली तरी मला वाईट वाटलं नाही.

त्याने ते ऑफिसात करून बघितलं आणि गेम पळायला लागला. आठवडाभर स्वारी खुशीत होती. मग नवंच झेंगट निघालं. खेळता खेळता मध्येच सगळे मासे जागच्या जागी थिजायचे. कधी होईल त्याचा नेम नाही, कशामुळे होतं त्याचा पत्ता नाही. बॉस म्हणाला, हे लवकर सुटलं नाही तर प्रोजेक्टच बंद. प्रोजेक्ट बंद म्हणजे नवऱ्याची नोकरी गेली, नोकरी गेली म्हणजे दोघांचाही व्हिसा गेला, आणि माझं कॉलेज आणि माझी नोकरी दोन्ही गेली खड्ड्यात. तो घरी यायचा, जेवायचा आणि भिंतीकडे बघत बसायचा. मला तर त्याच्यावर चिडायचाही कंटाळा आला होता.

आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात. माहेरी तसंच, सासरीही तसंच. डब्यातली पोळी वाढणं म्हणजे आळशीपणा, असं सासूबाईंनी फोनवरूनसुद्धा बजावलेलं. म्हणून तो "निघालो" असा फोन करायचा आणि मग मी तवा ठेवायची. एकदा तो फोन न करता लवकर टपकला, तेव्हा मी वैतागून म्हटलं, "भाजी शिजायच्या आत असा येऊन उभा राहू नकोस बाबा."

दुसऱ्या दिवशी कणीक भिजवून बसले. फोन नाही. पोटात कावळे ओरडायला लागले तरी फोन नाही. शेवटी स्वारी उगवली ती तोंड पाडूनच.

"फोन का नाही केलास?" मी.

"मी? तूच करणार होतीस ना, स्वयंपाक झाला की! कालच नाही का ओरडलीस? मी तिथे उपाशी तुझ्या फोनची वाट बघतोय."

"आणि मी इथे तुझ्या!"

भांडण रंगात येणार तेवढ्यात माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "अरे, तुझे मासेही असेच थिजतात!"

मोठा लहान्याच्या निरोपासाठी थांबायचा, लहाना मोठ्याच्या. एखादा निरोप मध्येच हुकला की दोघेही शहाण्यासारखे बसून राहायचे.

"डबे ठेव," मी म्हटलं. "मेमरीत, दोन. लहान्याने एकात माशांची वळणं भरत राहायची, मोठ्याने दुसऱ्यातलं घ्यायचं, मग अदलाबदल. नवा डबा भरला नसेल तर मोठ्याने सरळ जुन्यातलंच घ्यायचं. कोणी कोणासाठी थांबायचं नाही."

"पण मग मोठ्याला शिळं मिळणार."

"पापणी लवण्याइतकं शिळं. मुलांना काय कळतंय?"

तो तसाच उपाशी कागद शोधायला लागला.

गेम बाहेर पडला. ऑफिसात दुपारी पार्टी होती, बायकामुलांसकट. मी चांगला कुडता घालून गेले, बॉसशी काय बोलायचं ते मनात घोकत. बॉस आमच्यापाशी आला, नवऱ्याच्या पाठीवर थाप मारून त्याने विचारलं, ती दोन डब्यांची आयडिया सुचली कशी? नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदी बशीकडे. "असंच," तो म्हणाला, "किचनमध्ये सुचलं." सगळे हसले. हा माणूस किचनमध्ये फक्त पाणी प्यायला येतो!

गाडीत तो म्हणाला, "सांगितलं असतं तर त्यांनी विचारलं असतं, घरी कशाला बोललास? करार मोडल्याबद्दल मलाच काढलं असतं. तुझ्याबद्दल मी बोलेन गं, जरा योग्य वेळ येऊ दे."

त्याचं खरं होतं, म्हणूनच जास्त लागलं. ते काम माझं आहे हे कधीच सांगता येणार नव्हतं, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्याबद्दल तो बोलणार तरी काय, कपाळ? मी खिडकीबाहेर बघत रडले. फार नाही, दमले होते.

पुढच्या सत्रात मी कॉलेजात प्रवेश घेतला. पहिला वर्ग संध्याकाळचा होता. सुटून बाहेर आले तर त्याचा फोन. त्या भांडणापासून स्वयंपाक झाला की मीच फोन करायचा, असं ठरलं होतं.

"अगं, अजून फोन नाही केलास. निघू ना मी?"

"तुझं तू बघ," मी म्हटलं. "डब्यात पोळ्या आहेत. कालच्या."